पाणी उकळलं, म्हणजे शुद्ध झालं का?



गटाच्या बैठकीत कर्जमागणीचे अर्ज वाचताना एक कारण पुन्हा पुन्हा येतं : आजारपण. कुणाच्या सासऱ्यांची किडनी, कुणाच्या लेकराच्या अंगावरचं पुरळ, कुणाचं रक्त कितीही गोळ्या घेतल्या तरी वाढत नाही. प्रत्येक आजार पाण्यामुळे झाला असं कुणी म्हणू शकत नाही. पण आपण राहतो तो भाग बघितला, तर पाण्याचा विचार केल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

मोशी आणि नदीपलीकडच्या गावांतल्या बैठकीत पाण्याचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "ताई, टँकर आला नाही की बोअरचं पाणी घेतो. उकळून प्यायलं तर चालतं ना?" या प्रश्नाचं खरं उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणून हा लेख. आपल्या दशसूत्रीतलं सहावं सूत्र आरोग्य आहे आणि आरोग्याची सुरुवात हंड्यापासून होते.

आपण कुठे राहतो

मोशी १९९७ मध्ये महापालिकेत आली. त्याआधी शेतीचं गाव, इंद्रायणीच्या काठचं. आज एका बाजूला भोसरीची एमआयडीसी, शेजारी चिखली-कुदळवाडी, जिथे २०२५ पर्यंत भंगाराचा आणि छोट्या वर्कशॉपचा मोठा पट्टा होता, गावाच्या हद्दीत सगळ्या शहराचा कचरा डेपो आणि नदीपलीकडे खेड तालुक्यातली मोई, कुरुळी, चिंबळी, निघोजे ही गावं. तिथून पुढे चाकणची एमआयडीसी. आपल्यापैकी कितीतरी जणींच्या घरचा पगार याच कंपन्यांतून येतो.

इंद्रायणी लोणावळ्याकडच्या डोंगरात उगम पावते, देहू, मोशी, आळंदी करत तुळापूरला भीमेला मिळते. आळंदीत नदीवर पांढरा फेस आल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो, वारीच्या दिवसांत तर जास्तच. हा फेस साबण-डिटर्जंटसारख्या रसायनांचा, न शुद्ध केलेल्या सांडपाण्याचा आणि कारखान्यांतून सुटलेल्या पाण्याचा असतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये महाराष्ट्रातले ५३ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले, त्यात आपली इंद्रायणी आहे. तीर्थ म्हणून हे पाणी तोंडात घेणाऱ्या घरातल्या मोठ्यांनाही हे समजावून सांगायला हवं. नमस्कार नदीला करावा, पाणी मात्र प्यायचं नाही.

रसायन पाण्यात येतं कसं

आपल्या भागातला मुख्य धंदा गाड्यांच्या सुट्या भागांचा. लोखंडी पार्ट आधी ॲसिडमध्ये धुतात, तेल-ग्रीस काढायला सॉल्व्हंट वापरतात, मग त्यावर क्रोमियम, निकेल किंवा झिंकचा मुलामा देतात. याला आपण प्लेटिंग म्हणतो. मग रंगकाम. यातल्या प्रत्येक टप्प्यावर धुतलेलं पाणी उरतं. ते कारखान्याने शुद्ध करूनच सोडलं पाहिजे. बरेच कारखाने करतात. जे करत नाहीत, ते रात्री किंवा पावसाचा फायदा घेऊन ओढ्यात सोडतात, टँकरने कुठेतरी ओततात किंवा खड्ड्यात जिरवतात.

दुसरा मार्ग भंगाराचा. जुन्या बॅटऱ्या फोडल्या की शिसं बाहेर येतं. रसायनाची रिकामी पिंपं धुतली की धुवण मातीत मुरतं. तिसरा मार्ग कचऱ्याचा. डोंगरासारख्या साठलेल्या कचऱ्यातून पावसाचं पाणी झिरपतं तेव्हा काळं पाणी तयार होतं. ते नीट अडवलं नाही तर जमिनीत जातं.

जमिनीत गेलेलं पाणी तिथेच थांबत नाही. आपल्याकडे खाली काळा कातळ आहे. कातळाच्या भेगांतून पाणी वाहतं. म्हणून एका घरची बोअर चांगली आणि चार घरं सोडून दुसरी खराब, असं होऊ शकतं. शेजारणीचा रिपोर्ट चांगला आला म्हणजे आपलंही पाणी चांगलं, असं समजू नका.

जंतू वेगळे, रसायन वेगळं

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागात जीबीएस आजाराची साथ आली. माणसं हातापायातलं बळ जाऊन दवाखान्यात भरती झाली. तेव्हा सगळ्यांनी पाणी उकळायला सुरुवात केली आणि ते बरोबरच होतं, कारण तिथे संशय जंतूंवर होता. उकळल्याने जंतू मरतात.

रसायन जिवंत नसतं, त्यामुळे ते मरत नाही. आमटी जास्त आटली की खारट होते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पाण्याची वाफ होते, मीठ भांड्यातच राहतं. शिसं, क्रोमियम, नायट्रेट यांचंही तसंच. दहा लिटर पाणी उकळून नऊ लिटर उरलं, तर रसायन तेवढंच राहिलं आणि पाणी कमी झालं. म्हणजे प्रत्येक पेल्यात ते थोडं वाढलंच.

दुसरा फरक वेळेचा. जंतूचं पाणी आज प्यायलं तर दोन-चार दिवसांत जुलाब, उलट्या. रसायनाचं पाणी रोज थोडं थोडं जातं आणि त्रास काही महिन्यांनी, काही वर्षांनी दिसतो. तोवर कारण विसरलेलं असतं. म्हणून "आम्ही इतकी वर्षं पितोय, काही झालं नाही" हे बोलणं इथे उपयोगाचं नाही.

कोणतं रसायन काय करतं

पिण्याच्या पाण्यासाठी देशाचं एक मानक आहे, आयएस १०५००. त्यात प्रत्येक घटकाची हद्द दिली आहे. पुढचे आकडे त्यातलेच. रिपोर्ट हातात आला की हे पान शेजारी ठेवा.

शिसं (हद्द : लिटरला ०.०१ मिलीग्रॅम). गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत फक्त १० मिलीग्रॅम. चिमूटभर मीठ साधारण ३०० मिलीग्रॅम धरलं, तर चिमटीचा तिसावा भाग! शिसं लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं. मूल मंद दिसतं, लक्ष लागत नाही, चिडचिड करतं. मोठ्यांना रक्तदाब, किडनीचा त्रास होतो. रक्त बनण्यातही अडथळा येतो. गरोदर बाईच्या शरीरातलं शिसं बाळापर्यंत पोचतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे मुलांसाठी शिशाची कोणतीच पातळी निर्धास्त नाही.

क्रोमियम (हद्द : ०.०५). प्लेटिंगमधून येतं. त्याचा जहाल प्रकार 'क्रोमियम सहा' नावाने ओळखला जातो. जास्त प्रमाणात असेल तर पाण्याला पिवळसर झाक येते. त्वचेवर चट्टे, न भरणाऱ्या जखमा, पोटाचा त्रास, यकृत-किडनीवर परिणाम. प्लेटिंगच्या हौदाजवळ काम करून त्याची वाफ श्वासात गेली तर फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो.

कॅडमियम (हद्द : ०.००३). बॅटरी, प्लेटिंग, रंगांतून येतं. किडनीत साठत जातं आणि हाडं ठिसूळ करतं. जपानमध्ये तोयामा भागात खाणीचं पाणी नदीत आलं, तेच भाताला गेलं. तिथल्या बायकांची हाडं इतकी दुखायची की त्या आजाराचं नावच जपानी भाषेत 'आई गं, आई गं' अशा कण्हण्यावरून पडलं. त्यात जास्त करून मुलंबाळं झालेल्या, वय झालेल्या बायकाच होत्या.

निकेल (हद्द : ०.०२). खाज, पुरळ, त्वचेची ॲलर्जी.

नायट्रेट (हद्द : ४५). हे कारखान्यापेक्षा जास्त करून सांडपाणी, कचरा आणि खतांतून येतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला असं पाणी घालून वरचं दूध दिलं, तर रक्तातला प्राणवायू कमी होतो, बाळ निळसर पडतं. हा जिवाचा धोका आहे. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, हा नियम इथेही बाळाला वाचवतो.

सॉल्व्हंट आणि तेल. पाण्याला रॉकेल, थिनर किंवा गोडसर वास येत असेल तर ते पाणी लगेच बंद करा. पार्ट धुण्याच्या काही सॉल्व्हंटमुळे किडनीचा कर्करोग होतो, हे सिद्ध झालं आहे. असं पाणी अंघोळीला गरम केलं तरी वाफेतून ते श्वासात जातं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. शिसं आणि कॅडमियमला रंग नाही, वास नाही, चव नाही. उलट भांड्यावर पांढरा थर धरतो तो जड पाण्यामुळे आणि तांबूस डाग पडतो तो बहुतेक वेळा लोहामुळे. तो दिसायला वाईट, पण जहाल नाही. म्हणजे डोळ्यांना जे वाईट दिसतं ते कधी कधी निरुपद्रवी असतं आणि नितळ दिसणारं पाणी घातक असू शकतं.

घरचे उपाय : कशाचा उपयोग, कशाचा नाही

तुरटी गाळ खाली बसवते, पण विरघळलेली रसायनं तिच्याने जातील याचा भरवसा नाही. मेडिक्लोरचे थेंब जंतू मारतात, रसायनावर त्यांचा उपयोग नाही. कापडाने गाळणं, निळ्या दिव्याचं यूव्ही फिल्टर, तांब्याचा हंडा, यांपैकी कशानेही शिसं-क्रोमियम निघत नाही.

आरओ मशीनने बरीचशी रसायनं निघतात, पण जाळी वेळेवर बदलली तरच. दोन वर्षं सर्व्हिसिंग न झालेलं मशीन म्हणजे नुसता समाधानाचा नळ. शिवाय आरओतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सगळं रसायन जमा झालेलं असतं. ते जनावरांना पाजू नका, भाजीला घालू नका. फरशी पुसायला, संडासात टाकायला वापरा.

टीडीएस मीटर घेऊन आरओ विकणारा दारात येतो. तो मीटर पाण्यातल्या सगळ्या क्षारांची बेरीज सांगतो. हद्द ५००. पण शिशाची हद्द ०.०१! ते पाचपट झालं तरी मीटरवर आकडा हलणार नाही. टीडीएस कमी म्हणजे विष नाही, हे खोटं. आणि टीडीएस जास्त म्हणजे विष आहे, हेही खोटं. मीटरचा आकडा बघून गटातून पंधरा हजारांचं कर्ज काढू नका. आधी तपासणी, मग मशीन.

थंड पाण्याचे जारही बऱ्याचदा कुठल्याशा बोअरवरच भरतात. परवाना क्रमांक आणि पाण्याचा रिपोर्ट मागा. दाखवत नसेल तर घेऊ नका.

निळं पिंप

भंगारात स्वस्तात मिळणारी निळी, काळी प्लॅस्टिकची पिंपं कितीतरी घरांत पाणी साठवायला आहेत. त्यात आधी काय होतं हे विकणाऱ्यालाही नक्की माहीत नसतं. ॲसिड, सॉल्व्हंट, रंग, काहीही. हे रसायन प्लॅस्टिकमध्ये मुरतं. सर्फ लावून, उन्हात ठेवून ते पूर्ण जात नाही. महापालिकेचं चांगलं पाणी आपण अशा पिंपात भरतो आणि मग ते मुलांना देतो. पिण्याच्या, स्वयंपाकाच्या पाण्यासाठी असं पिंप आजच बंद करा. नवं घ्यायला पैसे कमी पडत असतील तर त्यासाठी गटातून छोटं अंतर्गत कर्ज द्या. त्या कर्जाला कुणी नाही म्हणू नये.

तसंच प्लेटिंग, बॅटरी, रंगकामावर जाणाऱ्या घरच्या माणसाचे कपडे वेगळ्या बादलीत धुवा आणि ते झटकू नका. घरी आल्यावर आधी हातपाय धुऊन मगच लेकराला घ्यायचं, ही सवय लावा.

तपासणी कशी करायची

पहिली पायरी गावातच आहे. २०१९ पासून सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीचं किट वापरायला शिकवायचं, असं ठरलेलं आहे. नदीपलीकडच्या गावांतल्या ताईंनी ग्रामपंचायतीत विचारा : आपल्या गावच्या पाच कोण? किट कुठे आहे? ते कपाटात पडून असेल तर बाहेर काढा. या किटमध्ये पीएच, क्षार, नायट्रेट, लोह, फ्लोराइड, जंतू असं कळतं. पण शिसं, क्रोमियम, कॅडमियम त्यात सहसा कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच लागते.

ग्रामपंचायतीच्या गावांना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना पाठवता येतो. मोशी, चिखली भागात महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाकडे लेखी मागणी करा. अर्जात नुसतं "पाणी तपासा" असं लिहू नका, कारण मग जंतूंची तपासणी होऊन "पिण्यास योग्य" असा शेरा येऊ शकतो. स्पष्ट लिहा : "शिसे, क्रोमियम, कॅडमियम, निकेल, नायट्रेट आणि तेल-ग्रीस यांची तपासणी व्हावी."

नमुना घेताना :

• बोअर किंवा हातपंप पाच-दहा मिनिटं चालू ठेवा, मग पाणी घ्या.
• कॅन त्याच पाण्याने तीनदा विसळा. कोल्ड्रिंकची, तेलाची बाटली नको.
• जंतूंसाठीची निर्जंतुक बाटली आणि धातूंसाठीची ॲसिड घातलेली बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्या. या दोन्ही विसळायच्या नाहीत.
• बाटलीवर गाव, जागा, तारीख, वेळ लिहा. शक्यतो त्याच दिवशी पोचवा.
• उन्हाळ्यात एकदा आणि पहिल्या पावसानंतर एकदा, असं दोनदा तपासा. पाणी बदलतं.

रिपोर्ट येईपर्यंत पिण्याला आणि स्वयंपाकाला नळाचं पाणी, बोअरचं फक्त धुण्या-भांड्याला. नळाचं पाणी कमी येत असेल तर आधी लेकरं आणि गरोदर बाया, मग बाकीचे. रिपोर्ट खराब आला तर त्या हातपंपाला लाल रंग लावा आणि "पिण्यास अयोग्य" असं मोठ्या अक्षरांत लिहा, म्हणजे नव्या भाडेकरूलाही कळेल.

दवाखान्यात गेलात तर डॉक्टरांना आपणहून सांगा की आम्ही बोअरचं पाणी पितो, घरचा माणूस अमुक काम करतो. लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल, घरातल्या दोघातिघांना एकसारखा त्वचेचा त्रास असेल, तर हे सांगणं फार महत्त्वाचं. त्यावरून किडनीची किंवा रक्तातल्या शिशाची तपासणी करायची का, हे डॉक्टर ठरवतील.

"तक्रार केली आणि नोकरी गेली तर?"

ही भीती खरी आहे आणि ती बोलून दाखवणाऱ्या बाईला भित्री म्हणू नये. कंपनी नको असं आपलं म्हणणं नाही. पगारही हवा आणि पाणीही हवं. कायदाही तेच म्हणतो. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याने नाल्यात, नदीत, विहिरीत किंवा जमिनीवर विषारी पाणी सोडायला बंदी आहे. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रदूषणमुक्त पाणी मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे.

राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचं गाव आहे. तिथे रसायनाच्या कारखान्यांचा गाळ उघड्यावर टाकला गेला, तो जमिनीत मुरला आणि आसपासच्या विहिरींचं पाणी रंग बदलून वापरायच्या लायकीचं राहिलं नाही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, ज्याने घाण केली त्यानेच खर्च भरायचा. पण पैसे भरण्यावरून २०११ मध्येही न्यायालयात वाद चालूच होता. निकाल लागला, तरी विहीर काही लगेच गोड झाली नाही. जमिनीखालचं पाणी एकदा नासलं की एका पिढीत सुधारेल याची खात्री नसते. म्हणून नासायच्या आधी लक्ष ठेवणं हेच स्वस्त.

तक्रार एकटीने करू नका. गटाच्या ठरावाने, ग्रामसंघाच्या शिक्क्याने करा. मग नाव कुणा एका बाईचं राहत नाही. ओढ्याच्या पाण्याचा रंग, वास, तारीख, वेळ एका वहीत लिहा. मोबाईलवर फोटो काढा. कंपनीचं नाव अंदाजाने लिहू नका, जे दिसलं तेवढंच लिहा. अर्ज महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात द्या आणि पोच घ्या. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात विचारा की आमच्या अर्जाचं काय झालं. गावांतल्या ताईंनी हा विषय आधी महिला ग्रामसभेत आणि मग मुख्य ग्रामसभेत मांडावा. गावच्या पाणी व स्वच्छता समितीत निम्म्या महिला असायला हव्यात. आपल्या गावात त्या आहेत का, की नुसत्या कागदावर, तेही बघा.

पुढच्या बैठकीसाठी

बचत आणि परतफेड झाली की दहा मिनिटं पाण्याला द्या. चार प्रश्न विचारा आणि इतिवृत्तात लिहा :

१. आपल्यापैकी किती घरं बोअरचं किंवा हातपंपाचं पाणी पितात?
२. किती घरांत भंगारातलं पिंप आहे?
३. कोणाकडे सहा महिन्यांच्या आतलं बाळ किंवा गरोदर बाई आहे?
४. शेवटची पाणी तपासणी कधी झाली आणि रिपोर्ट कुणी डोळ्यांनी बघितला आहे का?

चौथ्या प्रश्नावर सगळ्या गप्प बसल्या, तर तोच पहिला ठराव. दहा-दहा रुपयांच्या बचतीपासून सुरुवात करून आपण बँकेचा हिशेब वाचायला शिकलो. पाण्याचा रिपोर्ट त्याहून अवघड नाही. शिसं ०.०१, क्रोमियम ०.०५, कॅडमियम ०.००३, नायट्रेट ४५. एवढे चार आकडे गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.